कोंबड्यांचें औषध व जंतूंचा पीळ

कोंबड्यांत रोग शिरला म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन पाण्यांत मिसळून साऱ्या कळपास पाजण्याची रीत आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची आहे. हें औषध काम कसें करतें व पुढें निष्फळ कां होतें, हें जाणून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जंतूची वाढ म्हणजे एकाचे दोन होणें. त्यापूर्वीं त्याच्या अंगच्या डी. एन. ए. नामक दुपदरी धाग्याची नक्कल व्हावी लागते. चऱ्हाटाचे पदर मधूनच ओढून वेगळे करूं लागल्यास पुढील पीळ कसा आवळत जातो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. जंतूंतही तेंच घडतें. म्हणून जायरेझ नांवाचें विकर धागा क्षणभर तोडून, पीळ सैल करून पुन्हा जोडतें. औषध नेमकें तोडलेल्या क्षणीं या विकरास जखडतें. धागा तुटलेलाच राहतो व जंतु मरतो.

परंतु असंख्य जंतूंत एखाद्याच्या जायरेझमध्यें आपोआप फरक पडलेला असतो. विकर ही अनेक दुव्यांची सांखळी होय. कॅम्पिलोबॅक्टर जंतूंत तिचा ८६ वा दुवा, थ्रिओनीन, जाऊन आयसोल्यूसीन आला, कीं एवढ्यानेंच औषधाची पकड सुटते. विकराचें काम मात्र चालूच राहतें. औषध हा फरक उत्पन्न करीत नाहीं. इतरांस मारून तें या एकास रान मोकळें करून देतें. हा जंतु कोंबडीच्या आंतड्यांत बहुधा निमूटपणें राहतो, पण कच्चें राहिलेलें मांस खाणाऱ्या माणसास हगवण लावतो. म्हणजे औषध दिलें दुसऱ्याच रोगावर, आणि शिरजोर झाला हा!

हॉलंडांत या जातीचें औषध १९८७ त कोंबड्यांस देऊं लागले. १९८२ ते १९८९ या काळांत तेथील दाद न देणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरांचें प्रमाण कोंबडीच्या मांसांत शून्यावरून शेंकडा १४ वर, व माणसांत शेंकडा ११ वर गेलें. अमेरिकेनें एन्रोफ्लॉक्सासिनला १९९६ त दिलेली परवानगी कोंबड्यांपुरती सप्टेंबर २००५ मध्यें काढून घेतली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं! त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, औषधाचा थेंबही न पाजलेल्या कोंबड्यांत फरक पडलेल्या कांहीं जंतूंनीं साध्या जंतूंस मागें सारिलें. ऑस्ट्रेलियानें खाण्याच्या जनावरांसाठीं या औषधांस परवानगीच दिली नव्हती. तेथें असे जंतु दीर्घकाळ विरळ राहिले.

कळप दगावूं लागला असतां औषध देऊंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. मेलेली कोंबडी पशुवैद्याकडे नेऊन जंतु कोणता व तो कशानें मरतो हें तपासून घ्यावें, मात्रा व दिवस पुरते पाळावे, आणि रोग नसतां ‘असूं द्यावें’ म्हणून पाण्यांत औषध टाकूं नये. ओलें झालेलें तूस बदलणें व पाण्याचीं भांडीं रोज घांसणें हें त्याच्याही आधींचें काम आहे.