विमानातले शौचालय : सवलत नव्हे, हक्क!

५ मार्च २०२५ रोजी एअर इंडियाचे एआय १२६ हे विमान शिकागोहून दिल्लीकडे निघाले. उड्डाणानंतर पावणेदोन तासांतच काही शौचालये निकामी झाल्याचे कर्मचाऱ्यांनी कळविले. पुढे बारापैकी आठ शौचालये बंद पडली. आत शेकडो प्रवासी, खाली अटलांटिक महासागर आणि वापरायला चार शौचालये! युरोपातील बहुतेक विमानतळांवर रात्रीच्या वाहतुकीला निर्बंध असल्याने विमान माघारी फिरविण्यात आले. दहा तासांहून अधिक काळ आकाशात राहून ही सारी माणसे जिथून निघाली होती, त्याच शिकागोला उतरली. नळ्यांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे अडकल्याचे कंपनीने नंतर जाहीर केले.

या बातमीवर विनोद पुष्कळ झाले. माणसाच्या नैसर्गिक गरजेची कोंडी झाली की जग आधी हसते. आम्हाला मात्र हा हसण्यावारी नेण्याचा विषय वाटत नाही.

काही वाचक म्हणतील, विमानप्रवास हे श्रीमंतांचे दुखणे, त्याची उठाठेव आपण कशाला करायची? हा समज आता जुना झाला. आखातात मजुरीला जाणारा विमानानेच जातो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला जाणारी आपली मुलेमुली आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात, ती थेट आठ-दहा तासांच्या प्रवासाला. मुलाच्या बाळंतीण सुनेला मदत करायला अमेरिकेला निघालेली साठीची आई असते. तिला इंग्रजी येत नाही. शौचालय बंद आहे हे तिने कोणाला विचारायचे आणि कसे?

लांब पल्ल्याच्या विमानात अडचण काय असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. आगगाडीत पाणी संपले तर पुढच्या स्थानकावर मिळते. एसटीत अवघडलेल्या माणसासाठी चालक गाडी थांबवितो. विमानात यातले काही होत नाही. आत जेवढे पाणी, जेवढे अन्न आणि जेवढी शौचालये, तेवढ्यावरच प्रवास पार पाडावा लागतो. आतली हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून पाणी पीत राहावे लागते आणि पाणी प्यायले की शौचालय लागते. शौचालय बंद म्हटल्यावर माणूस पाणी पिणे सोडतो. मधुमेही, गरोदर स्त्री, पाळी आलेली मुलगी, वृद्ध, लहान मूल यांचे हाल सर्वांत आधी होतात. शिवाय तासन् तास एका जागी बसून पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

दोष प्रवाशांचा आहे, असे कंपनीचे म्हणणे. शौचकुपात कपडे टाकणारा प्रवासी बेजबाबदार आहे, यात वाद नाही. विमानातल्या शौचालयात पाण्याचा लोट नसतो, हवेच्या दाबातील फरकाने मैला ओढून नेला जातो. नळी अरुंद असते आणि अनेक शौचालयांच्या नळ्या पुढे एकाच वाहिनीला मिळतात. म्हणून एकाच्या मूर्खपणाने अनेक शौचालये तुंबतात. पण याच खुलाशात कंपनीने आणखी एक गोष्ट सांगितली. इतर विमानांतही यापूर्वी चादरी, अंतर्वस्त्रे आणि लंगोट असेच सापडले होते. वकिलाच्या नजरेला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. जी गोष्ट पूर्वी घडली आहे आणि पुन्हा घडू शकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर ती टाळण्याची जबाबदारी येते. सूचना प्रवाशांच्या भाषेत दिल्या होत्या काय? शौचालयांची वेळोवेळी पाहणी होत होती काय? चार-दोघांच्या चुकीची शिक्षा शेकडो निरपराधांना का? ‘प्रवासी असेच’ म्हणून हात झटकणे हे उत्तर नव्हे.

आणि त्या नळ्यांतून चिंध्या व पिशव्या काढायला हात कोणाचे लागतात? मैल्याच्या कामात कोणाला उतरविले जाते, हे या वाचकांना आम्ही सांगायला नको. ‘कोणीतरी काढील’ या समजुतीनेच माणूस शौचकुपात कपडा टाकतो आणि मालकही ‘कोणीतरी काढील’ म्हणूनच निश्चिंत असतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. हे काम यंत्राने आणि पुऱ्या संरक्षक साधनांनिशीच झाले पाहिजे, मग ते गल्लीतले गटार असो की विमानाची नळी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १७ नुसार मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर भरपाई मिळते. कलम १९ नुसार विलंबाची भरपाई मिळते, पण आम्ही शक्य ते सर्व उपाय केले होते, असे सिद्ध करून कंपनी सुटू शकते. आणि कलम २९ सांगते की नुकसानीचा दावा करायचा तो याच कराराच्या चौकटीत. मग अपमानाचे काय? दहा तास लघवी रोखून धरलेल्या माणसाची हाडे मोडत नाहीत, मोडतो तो त्याचा आत्मसन्मान. त्याचा रकाना या करारात नाही.

ही आमची कल्पना नव्हे. २००८ साली ग्रीसहून इंग्लंडला जाणाऱ्या विमानात एका अपंग प्रवाशाला ठरल्याप्रमाणे पत्नीशेजारची जागा मिळाली नाही. पत्नीला विमानातल्या वाटेत गुडघ्यांवर बसून, सर्वांदेखत त्याची स्वच्छता करावी लागली. कर्मचारी मदतीला आले नाहीत. अन्याय झाला हे न्यायालयांनी मान्य केले. खालच्या न्यायाधीशांनी या मानहानीचे मोल अडीच हजार पौंड ठरविले, पण ते देता येत नाहीत असे सांगितले. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही, माँट्रियल करारात मनाच्या दुखापतीला जागा नाही म्हणून भरपाई नाकारली. अन्याय मान्य, भरपाई शून्य!

भारतात आपले नियम २०१० पासून आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विलंब आणि रद्द उड्डाणांच्या वेळी अल्पोपाहार, जेवण, निवास देण्याची सक्ती केली आहे. पण त्या नियमांचा रोख विमानतळावरील खोळंब्यावर आहे. अमेरिकेत २००७ साली बर्फवृष्टीत जेटब्लू कंपनीच्या विमानांत प्रवासी धावपट्टीजवळ दहा-दहा तास अडकले. त्यावर गदारोळ झाला आणि २०१० पासून तिथे नियम लागू झाला. जमिनीवर खोळंबलेल्या विमानात दोन तासांच्या आत अन्नपाणी द्यायचे आणि शौचालय चालू ठेवायचे. देशांतर्गत उड्डाण तीन तास आणि आंतरराष्ट्रीय उड्डाण चार तास खोळंबण्याच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची. लोकांनी आवाज उठविला म्हणून नियम झाला, हे ध्यानात ठेवावे. पण तोही जमिनीपुरताच.

आणखी एक मुद्दा. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे गेली. आता ती घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ राहिली नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध मूलभूत हक्कांसाठी रिट चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले. खासगीकरणात नुसती मालमत्ता हातची जात नाही, दाद मागण्याचा एक दरवाजाही बंद होतो.

तरीही ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचे वाद ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कंपनी कलम २९ पुढे करील, हे गृहीत धरावे. म्हणून पुरावा जपावा. तिकीट, बोर्डिंग पास, बंद शौचालयाचा वेळेसह फोटो, शेजारच्या दोन प्रवाशांचे फोन नंबर आणि विमानातून उतरताच केलेली लेखी तक्रार. दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नये.

पण हे झाले एकेकट्याचे लढणे. खरी मागणी नियमाची आहे. लांब पल्ल्याच्या विमानात किती प्रवाशांमागे किती शौचालये चालू हवीत, किती पाणी राखीव हवे, हे महासंचालनालयाने आकड्यांत ठरवावे. चालू शौचालये त्या आकड्याखाली गेली तर जवळच्या विमानतळावर उतरण्याचा निर्णय कोणी आणि किती वेळात घ्यायचा, हेही लिहून ठेवावे. सूचना प्रवाशांच्या मातृभाषेत द्याव्यात. आणि माँट्रियल करारात मानहानीची भरपाई यावी, यासाठी भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आवाज उठवावा.

तिकिटाच्या वर्गानुसार खुर्ची रुंद-अरुंद असेल, जेवणाचे ताट बदलेल. पाणी आणि शौचालय यांना मात्र वर्ग नसतो. तिथे फक्त माणूस असतो आणि त्याचा हक्क असतो. तो कंपनीच्या मेहेरबानीवर सोडून चालणार नाही, कायद्यात लिहून घेतला पाहिजे.