शिरोवस्त्राचा विचार : लेखांक पाचवा

गतसप्ताहीच्या लेखांकात केमोथेरपीच्या औषधांनी केस का गळतात याचा खुलासा केला होता. त्याचा मथितार्थ इतकाच की, ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांवर ही औषधे आघात करतात, आणि केसांच्या मुळांतील पेशी तशाच शीघ्रगतीच्या असल्यामुळे अर्बुदाच्या पेशींबरोबर त्याही माऱ्यात सापडतात. सर्वच औषधांचा परिणाम मात्र सारखा नसतो. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांनी बहुधा सर्व केस जातात, काहींनी ते केवळ विरळ होतात, तर काहींनी फारसा फरक पडत नाही, सबब आपल्या वाट्यास काय येणार हे उपचारापूर्वीच डॉक्टरांस विचारून ठेवावे. पहिल्या मात्रेनंतर साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी गळती सुरू होते, आणि शिरोवस्त्राची तजवीज करावयाची ती या मधल्या मुदतीत.

बडोद्यात मस्तक झाकणे ही काही विलक्षण गोष्ट नव्हे. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात निरनिराळ्या प्रांतांच्या शिरोभूषणांचे स्वतंत्र दालन आहे. आणि संग्रहालयात जाण्याची तसदी न घेताही, रावपुऱ्यातून भर दुपारी स्कूटरवर जाणारी तरुणी पाहावी, तर ओढणीची बुकानी बांधून तिने फक्त डोळे तेवढे उघडे ठेवलेले असतात. या रस्त्यावर कर्करोगाच्या रुग्णाने डोके गुंडाळले म्हणून कोणी वळून पाहणार नाही. अडचण उभी राहते ती घरात : रात्री उशीवर, सकाळी ओट्यापाशी, आणि दुपारी शेजारीण न कळवता दारात येते तेव्हा. असे असूनही बहुतेक कुटुंबे प्रथम बाहेरचा विचार करतात, भारी किमतीचा विग घेऊन येतात, आणि चार दिवसांनी तो कपाटात जातो. माझी शिफारस अगदी उलट क्रमाची आहे : आधी रात्रीची टोपी, मग घरातली, आणि बाहेरची सर्वांत शेवटी.

रात्रीच्या टोपीस बनियनचे होजिअरी कापड उत्तम, कारण ते ताणले जाते, घाम शोषते आणि कुशीवर वळताना टोचत नाही. गळती चालू असते त्या दिवसांत पुष्कळांची टाळू हुळहुळी होते, केसांची मुळेच दुखतात असे रुग्ण सांगतात. त्या काळात ही टोपी गळणारे केस आपल्यात धरून ठेवते, आणि सकाळी उशीवर पसरलेले केस पाहण्याचा जो एक धक्का असतो तो टळतो. केस आधीच बारीक कापून घेणे इष्ट, परंतु वस्तरा मात्र लावू नये, यंत्राने कापावे. कारण उपचारकाळात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि वस्तऱ्याची लहानशी जखमही संसर्गाचे निमित्त होऊ शकते.

घरातल्या टोपीसाठी मंगळबाजारात जाण्यापूर्वी घरातलीच जुनेरे काढून पाहावीत. वर्षानुवर्षांच्या धुण्याने मऊ झालेल्या सुती लुगड्याइतके सौम्य कापड नव्या ताग्यात सापडणे दुरापास्त. त्याची टोपी शिवताना एकच दक्षता घ्यावी, ती अशी की शिवण आतून न ठेवता बाहेरच्या अंगास काढावी. केस असताना जी शिवण जाणवतही नाही तीच उघड्या त्वचेला तासाभरात काचू लागते. इलॅस्टिक घालावयाचे तर नेफा करून फक्त मानेकडच्या भागात घालावे, आणि माप केस गेल्यावर पुन्हा घ्यावे, कारण घेर थोडा कमी भरतो. टोपी काढल्यावर कपाळावर वळ दिसला तर ती घट्ट आहे असे समजून त्याच दिवशी उसवावी. नवे कापड वापरायचेच झाल्यास त्यातील खळ दोन पाण्यांतून पूर्ण काढून टाकावी. बांधणीचा मोह गुजराथेत आवरणे कठीण, परंतु नव्या बांधणीचा रंग घामाने सुटू शकतो आणि रेशमी बांधणी केसांवाचूनच्या डोक्यावरून घसरते. ती बांधावयाची तर आत सुती पट्टी घालून तिच्यावर बांधावी.

येथे आपल्या जुन्या शिरोभूषणांतील एक भेद उपयोगी पडतो. पगडी ही कारागिराने एकदा बांधून दिलेली, नुसती उचलून डोक्यावर ठेवावयाची. पागोटे रोज नव्याने बांधावयाचे. रुमालाचेही असेच दोन प्रकार आहेत, आणि यांतला कोणता घ्यावा हे आवडीवर सोपवून चालत नाही, हातांकडे पाहून ठरवावे लागते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात काही काळ खांद्याच्या वर नीट जात नाही, आणि पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी बोटांची अग्रे बधिर होतात. अशा बाईने मीटरभर चौरस कापड कर्णावर दुमडून मानेमागे गाठ मारावी ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. तिच्यासाठी गाठ आधीच शिवून टाकलेला, पगडीसारखा उचलून चढवता येणारा रुमाल हवा. ज्यांच्या छातीवर औषधासाठी पोर्ट बसविलेला आहे त्यांनी रुमालाची लांब टोके पुढे सोडू नयेत. सलाईनच्या नळीत ती अडकतात. गॅसपाशी तर लांब टोके कोणीच सोडू नयेत, आणि कृत्रिम धाग्याचा विग घालून फोडणी करू नये, कारण तो धागा आचेने आकसतो.

आता एक नाजूक बाब. मराठी घरांतील वृद्ध स्त्रियांच्या मनात मुंडण केलेल्या स्त्रीमस्तकाचा एक जुना, क्लेशकारक अर्थ अद्याप शिल्लक आहे. विधवांच्या केशवपनाची चाल मोडावी म्हणून १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरविली आणि यापुढे हे काम करावयाचे नाही असा ठराव केला. चाल पुढे नामशेष झाली, परंतु सोवळ्या आजीच्या अंगावरचे आणि डोक्यावरून घेतलेले तांबडे अलवण आपल्या लहानपणी पाहिलेल्या बायका दांडिया बाजारातील घरांतून काल-परवापर्यंत होत्या, आणि त्यांच्या लेकी-सुना आजही आहेत. अशा घरात सुनेने भाबडेपणाने आणलेला तांबूस, बिनकाठाचा, कपाळापर्यंत येणारा रुमाल सासूबाई नाकारतात तेव्हा तो हट्ट समजू नये. त्यांना हिरवा द्यावा, निळा द्यावा, किनारीचा द्यावा, बसवून विचारावे की, “आई, कोणत्या लुगड्याचा शिवू?” हळदीकुंकवाचे बोलावणे आले असता कुंकू लावण्यापुरते कपाळ मोकळे राहील इतपत टोपी वर घेता येते ना, हेही शिवण्यापूर्वीच पाहून ठेवावे. आरोग्यपुस्तिकांतून ही गोष्ट कोठे लिहिलेली आढळत नाही, पण कापडाच्या पोतापेक्षा तिचे महत्त्व मला कमी वाटत नाही.

पुरुषांस यातून सूट आहे असे समजले जाते, ते अर्धेच खरे. टक्कल त्यांना शोभून जाते हे कबूल, परंतु एकाएकी तुळतुळीत झालेले डोके पाहून चाळीतला मनुष्य हळूच विचारतो, “घरात काही झालं का हो?”, कारण वपन हे आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या मृत्यूचे चिन्ह आहे. शिवाय उघड्या डोक्याला थंडी स्त्रीइतकीच पुरुषालाही वाजते, आणि केमोथेरपीचे वातानुकूलित दालन हे तिचे नित्याचे ठिकाण. एक साधी सुती टोपी पिशवीत असू द्यावी.

विगविषयी थोडक्यात. नोकरीवर परतणाऱ्या, विशेषतः शाळेत शिकविणाऱ्या स्त्रियांस तो खरोखर उपयोगी पडतो. घ्यावयाचा असल्यास केस असतानाच निवडावा, म्हणजे रंग आणि वळण जुळविता येते, आणि आत मऊ सुती अस्तर आहे ना हे हाताने चाचपून पाहावे. बडोद्याच्या उन्हाळ्यात मात्र तो घालून बसणे ही शिक्षाच. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांवर जातो, आणि वाघोडिया तालुक्यातील गोरजच्या कैलास कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत जाणाऱ्या रुग्णास त्या उन्हातून प्रवास करावा लागतो. कोवळ्या टाळूस ऊन फार लवकर लागते, काही औषधांनी ही संवेदनशीलता आणखी वाढते; त्यामुळे प्रवासात सुती रुमालावर रुंद काठाची सैल हॅट, किंवा निदान छत्री, आवश्यक. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंग पाहावयास जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. जानेवारीतले ऊन सुखद असते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

टोप्या तीन असाव्यात : एक डोक्यावर, एक दोरीवर, एक घडीत. रोज सौम्य साबणाने धुऊन पुष्कळ पाण्यात खळबळून काढाव्यात आणि सुवासिक द्रव्ये टाळावीत, कारण उपचारकाळात साध्या वासानेही मळमळते. औषधांच्या मात्रा संपल्यावर बहुतेकांच्या डोक्यावर दोन-तीन महिन्यांत बारीक लव दिसू लागते. कित्येकांना पूर्वीच्या सरळ केसांच्या जागी कुरळे येतात, रंगही काही काळ निराळा असतो. टाळूवर किरणोपचार झाले असतील तर मात्र त्या जागेचे केस परत येतीलच असे नाही, आणि त्याविषयी किरणोपचार विभागातच स्पष्ट विचारावे. भुवया आणि पापण्याही या औषधांनी झडतात, त्यांची व्यवस्था शिरोवस्त्राहून निराळी. तो विषय पुढील आठवड्यात घेऊ.