विंचवाचे बिऱ्हाड आणि पेट्रोलचे इंजिन

आपल्याकडे ट्रक म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो कांद्याच्या गोण्यांनी लादलेला, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' मिरवणारा आणि घाटात कण्हत कण्हत चढणारा डिझेलचा गाडा. अमेरिकेत ट्रक हे निराळेच प्रकरण आहे. पुढे मोटारीसारख्या गुबगुबीत बैठका, मागे उघडा हौदा, आणि त्यात बसून माणसे कचेरीत जातात, बायका भाजी आणतात. यांतले पुष्कळसे ट्रक पेट्रोलवर चालतात. पेट्रोलला तिकडे 'गॅस' म्हणतात; त्यामुळे पहिले चार दिवस आमच्या सौभाग्यवतींची समजूत अशी, की चिरंजीव रोज सिलिंडर भरून आणायला जातात!

माझी सारी नोकरी एस.टी.च्या आगारात, वंगणाच्या वासात गेली. निवृत्तीनंतर कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी मुलाकडे आम्ही उभयता सहा महिने राहून आलो. मुलाने नुकताच एक वापरलेला कॅम्पर विकत घेतला होता. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. सव्वीस फूट लांबीच्या त्या पेटीत निजायच्या जागा, चूल, पाण्याची टाकी, आणि मुख्य म्हणजे संडास व न्हाणीघर. या शेवटच्या सोयीसाठीच तो घेतला होता. हिचे दोन्ही गुडघे दुखरे. तास-दोन तासांच्या वर मोटारीत बसवत नाही, आणि वाटेतल्या खाणावळींच्या पायऱ्या चढवत नाहीत. पण यूटामधल्या त्या लाल दगडांच्या कमानी पाहायच्या, असा तिचा हट्ट. "बाबा, आईला मी घेऊन जाणारच," मुलगा म्हणाला. बिऱ्हाड तर झाले. ते ओढायचे कोणी, हा प्रश्न उरला. विंचवाला बिऱ्हाड पाठीवर घेताना इंजिनाची चिंता करावी लागत नाही, माणसाला लागते.

डिझेलचा विचार आम्ही प्रथम केला, आणि प्रथमच सोडला. ओझे ओढण्यात आणि घाट उतरताना गाडी आवरण्यात डिझेलला तोड नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. पण तिकडच्या पिकअप ट्रकात डिझेल इंजिनासाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. शिवाय धूर शुद्ध करण्यासाठी निराळा द्रव भरत राहायचा. त्यातच काजळीची गाळणी. ती तापून स्वच्छ व्हायला लांबचा प्रवास हवा. मुलगा वर्षातले वीस-पंचवीस दिवस कॅम्पर ओढणार. बाकीचे दिवस कचेरी आणि नातवंडांची शाळा, म्हणजे तीन-चार मैलांच्या फेऱ्या. एवढ्यासाठी डिझेल घेणे म्हणजे लग्नाचा हंडा रोजच्या वरणाला वापरण्यासारखे आहे.

मग पेट्रोलची इंजिने पाहू लागलो. मुलगा संगणकातला, त्याने कोष्टकच मांडले. त्याच्या मनात भरले होते फोर्डचे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बो असलेले इंजिन. २०२१ च्या मॉडेलात त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाकाला पीळ देणारा जोर, ५०० फूट-पौंड. तोही ३,१०० फेऱ्यांवरच हाती येतो. त्याच ट्रकात मिळणाऱ्या पाच लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची अश्वशक्तीही ४००, पण टॉर्क ४१०, आणि तो मिळवायला इंजिन ४,२५० फेऱ्यांपर्यंत नेऊन ओरडवायला हवे. अश्वशक्तीचा आकडा सारखा असूनही चढावर दोघांच्या स्वभावात केवढा फरक पडतो, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

डेन्व्हरमध्ये हा फरक आणखी वाढतो. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर वसलेले. म्हणजे तिथला माणूस जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर भाजी विकत घेत असतो! तिथून पश्चिमेला निघालेला सत्तर क्रमांकाचा महामार्ग आयसेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. उंचीवर हवा विरळ. टर्बो नसलेले इंजिन स्वतःच्या छातीने जेवढी हवा ओढील तेवढ्यावरच चालते, आणि दर हजार फुटांना त्याची सुमारे तीन टक्के शक्ती गळते. बोगद्यापर्यंत पोचेतो तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बोचे तसे नाही. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारा त्याचा पंखा हवा दाबून आत कोंबतो, त्यामुळे उंचीची झळ त्याला पुष्कळ कमी लागते.

"मग ठरलेच की!" मुलगा म्हणाला. विक्रेत्याचे तर आधीच ठरलेले होते. त्या दुकानातल्या तरुणाने छापील पत्रक पुढे केले: हा ट्रक तेरा हजार पौंड ओढतो, तुमचा कॅम्पर सात हजारांचा, म्हणजे निम्म्याने ओझे शिल्लक.

हा तेरा हजारांचा आकडा येतो कोठून, याची मी चौकशी केली. अमेरिकेत मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी एक प्रमाण ठरवून दिले आहे. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळ अकरा-साडेअकरा मैलांचा एक चढ आहे. बाहेर शंभर अंश फॅरनहाइट उष्मा, आत गारवा देणारे यंत्र पुरते चालू, मागे ओझे. अशा स्थितीत साध्या मागच्या चाकांच्या ट्रकाचा वेग तासाला चाळीस मैलांच्या खाली येता कामा नये. परीक्षा कडक आहे, यात शंका नाही. पण तो चढ सुरू होतो समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे फुटांवर आणि संपतो साडेतीन हजारांच्या आसपास. अकरा हजारांवरच्या दमाबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरे असे, की या हिशेबात ट्रकात बसलेली माणसे दोनच धरतात, दीडशे-दीडशे पौंडांची. आम्ही सहाजण, आणि सौभाग्यवतींचे सामान.

हे सामान हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रवासाला निघताना जे जे न्यायचे ते सारे मी कॅम्परमध्ये आणि हौद्यात खरोखरच भरायला लावले: कुकर, लोखंडी तवा, पोह्यांचे डबे, खुर्च्या, नातवंडांच्या सायकली. पाण्याची टाकी चाळीस गॅलनची. पाण्याचा एक गॅलन आठ पौंडांहून जरा जास्त, म्हणजे पाणीच झाले सव्वातीनशे पौंड. मग शेजारच्या गृहस्थांचा ट्रक मागून घेतला. त्यांचा ट्रक मुलाला हवा होता तसाच, टर्बोचाच. हमरस्त्यावरच्या मालट्रकांच्या थांब्यावर वजनकाटा असतो, तिथे गेलो. रिकामा असताना ६,१०० पौंडांचा कॅम्पर भरल्यावर ७,२०० पौंडांचा निघाला. त्यातले साडेनऊशे पौंड कॅम्परच्या चाकांवर नव्हतेच. ते आकड्यातून ट्रकाच्या पाठीवर उतरले होते. जोडगाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार असा पुढे यावाच लागतो. तो कमी ठेवला तर मागची गाडी वाऱ्यावर शेपटासारखी हलू लागते.

ट्रकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळी कड असलेली एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांहून जास्त नको, एवढेच तिच्यावर लिहिलेले. हजारो डॉलरांच्या या व्यवहारात मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो हाच कागद. शेजाऱ्यांच्या ट्रकावर आकडा होता १,५२०. आमची सहा माणसे ७२० पौंड, कॅम्परचा भार ९५०, जोडणीचे लोखंड १००, हौद्यातले सामान १५०. बेरीज १,९२०. इंजिन तेरा हजार ओढो नाहीतर तीस हजार. स्प्रिंगा, आस आणि टायर चारशे पौंडांनी आधीच हरलेले होते.

मुलाचा चेहरा उतरला. पैसे साठवायला त्याला दोन वर्षे लागली होती, आणि मनातली गाडी हातची जात होती. सूनबाईंनी मात्र बेरीज पुन्हा एकदा स्वतः केली आणि म्हणाल्या, "बाबांचे बरोबर आहे. मुले मागे बसणार आहेत."

तेव्हा एक पायरी वर, पाऊण टनी म्हणवणाऱ्या वर्गात जावे लागले. ('पाऊण टन' हे नाव नुसते परंपरेने चालत आले आहे, हे ट्रक त्याहून कितीतरी जास्त वाहतात.) इथे गंमत अशी, की ज्या टर्बोसाठी मुलगा जीव टाकत होता तो या वर्गातल्या आम्ही पाहिलेल्या एकाही पेट्रोल ट्रकात नव्हता. २०२० साली फोर्डने ७.३ लिटरचे आणि जनरल मोटर्सने ६.६ लिटरचे इंजिन काढले. दोन्ही आठ सिलिंडरांची, दोन्ही ओतीव लोखंडाच्या ठोकळ्याची, दोन्ही आपल्याच छातीने श्वास घेणारी. पहिल्याची शक्ती ४३० आणि टॉर्क ४७५; दुसऱ्याची ४०१ आणि ४६४. म्हणजे ज्या ट्रकाची छाती उंचीवर टिकते त्याची पाठ कमजोर, आणि ज्याची पाठ भक्कम त्याला उंचीवर धाप लागणार! कोणते दुखणे पत्करायचे?

मी कागद-पेन्सिल घेतली. ट्रक, कॅम्पर आणि माणसे मिळून पंधरा हजार पौंड. बोगद्याजवळचा चढ सात टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर सात फूट वर. तासाला पंचेचाळीस मैल वेग धरला तर नुसते वर चढायलाच सव्वाशे अश्वशक्ती लागते. वारा आणि टायरांचे घर्षण यांची आणखी पंचेचाळीस-पन्नास. गिअर आणि दांड्यांमधली गळती धरून इंजिनातून दोनशेच्या आसपास निघायला हव्यात. ४३० मधून तिसरा हिस्सा गेला तरी २९० उरतात. भागते. इंजिन साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर ओरडेल, पण ओरडणे हा काही त्याचा आजार नव्हे. त्यासाठीच ते बनवले आहे. धाप लागली तर वेग कमी करता येतो. पाठ मोडली तर काय करणार?

आमच्या दृष्टीने ७.३ चा आणखी एक गुण म्हणजे त्याचा जुना बाज. कॅमशाफ्ट पोटात, व्हॉल्व्ह हलवायला लांब दांड्या, आणि इंधनाचा फवारा सिलिंडरात नव्हे तर व्हॉल्व्हच्या अलीकडे. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात व त्यांवर काजळी धरत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला समजते म्हणून तुम्हाला ते आवडते." मी ते नाकारले नाही. २०२१ सालचा एक वापरलेला ट्रक मिळाला. पट्टीवर तीन हजार पौंडांच्या वर आकडा, आणि मागच्या आसाचे प्रमाण ४.३०. हे प्रमाणही इंजिनाइतकेच पाहावे. चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा ४.३० वेळा फिरतो, ३.५५ चा आस असता तर तेच इंजिन चढावर सुमारे सहाव्या हिश्श्याने दुबळे भासले असते. सपाटीवर त्याबद्दल पेट्रोल जरा जास्त जाते, ते जाऊ द्यावे.

सप्टेंबरात निघालो. जॉर्जटाऊन मागे पडल्यावर चढ लागला, दहा गिअरांची पेटी आपोआप खाली उतरत गेली, आणि इंजिनाचा आवाज असा चढला की हिने माझा हात धरला. काटा पंचेचाळीसच्या खाली आला नाही. टर्बोवाले ट्रक डावीकडून शांतपणे पुढे गेले. मुलाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, नाही असे नाही.

बोगदा पावणेदोन मैलांचा. त्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंतची उतरण आहे आणि माझे खरे लक्ष तिच्याकडे होते. तिथे रस्त्याच्या कडेला वर चढत जाणाऱ्या खडीच्या वाटा काढून ठेवल्या आहेत. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांनी त्यांत घुसायचे. खंबाटकी काय, कुंभार्ली काय, आमचे जुने चालक म्हणत, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. मुलाने ओढणीचे बटण दाबले, पेट्रोलवरचा पाय काढला. पेटीने स्वतःहून खालचा गिअर धरला आणि त्या सात लिटरच्या पोटाने गाडी मागे ओढून धरली. साडेतीन लिटरच्या पोटाला एवढी ओढ धरता येत नाही. कॅम्परच्या चाकांना विजेचे स्वतंत्र ब्रेक आहेत, ते दोन-तीनदा हलकेच लागले. खाली उतरल्यावर मी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. जळका वास नव्हता.

सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल भरले. गॅलनला नऊ मैल पडले होते. कोलोरॅडोत ८५ ऑक्टेनचे स्वस्त पेट्रोल मिळते, पण गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिले होते. आम्ही ८७ च घेतले. तोवर सूनबाईंनी कॅम्परमध्ये चहा टाकला होता, आणि ही पायरीला हात न लावता आतल्या आत खिडकीपाशी जाऊन बसली होती. वेल पास अजून पुढे होता.