एक साठा, अनेक कालवे

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात बीचनहळ्ळी येथे १९७४ साली कबिनी धरण पूर्ण झाले. पाणी एकत्र साठवून कालव्यांनी वाटायचे, हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आभासी सर्व्हरच्या सामायिक साठ्याचे तत्त्वही हेच. माहिती सामायिक साठ्यात असली, की एक यंत्र बंद पडताच त्यावरील आभासी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सुरू होतात. मात्र साठ्याचे यंत्र एकच असून तेच बिघडले, तर सारे कालवे कोरडे! ‘सेफ’सारखी प्रणाली माहितीच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवते, म्हणजे तीन तबकड्या घेऊन जागा एकीचीच मिळते. हा खर्च आरंभीच हिशेबात धरलेला बरा.

दुसरा प्रश्न वर्गणीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. आकारणी कोअरवर, प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. आठ कोअरच्या जुन्या यंत्रालाही सोळांचेच पैसे. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. वर्गणी पडते ती पारखलेल्या सुधारणांसाठी व साहाय्यासाठी, आणि तीही प्रोसेसरच्या सॉकेटमागे.

तालुक्याच्या गावातील सहकारी संस्थेपाशी बहुधा दोनच यंत्रे असतात. तेथे एक बंद पडल्यास उरलेल्याचे बहुमत होत नाही. तिसऱ्या, साध्याशा यंत्राचे मत लागते. करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एका यंत्राची वीज काढून पाहावी आणि खातेवही किती मिनिटांत पुन्हा उघडते, ते घड्याळ लावून मोजावे.