वजाबाकीतून निघणारे कोलेस्टेरॉल

सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरच्या एखाद्या लहान प्रयोगशाळेत रक्त तपासायला दिले, की ‘लिपिड प्रोफाइल’चा कागद हाती येतो. त्यावर एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, व्हीएलडीएल आणि एलडीएल असे आकडे असतात. नजर जाते ती एलडीएलवर, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ते हेच. परंतु पुष्कळदा यांतले पहिले तीनच आकडे मोजलेले असतात आणि शेवटचे दोन गणिताने काढलेले असतात. हे गणित कोणते आणि ते केव्हा फसते, ते आपण पाहू.

आपल्याकडचे शेंगतेल किंवा करडईचे तेल म्हणजे जवळजवळ सगळे ट्रायग्लिसराइडच. (त्यात कोलेस्टेरॉल नसते.) असे मेद पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रक्तातून ते वाहून नेण्यासाठी शरीर मेद आणि प्रथिने यांची बारीक गाठोडी बांधते. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. मेद जास्त तितके गाठोडे हलके. सर्वांत जड ते एचडीएल, त्याहून हलके एलडीएल, आणि अतिशय हलके, ट्रायग्लिसराइडने भरलेले ते व्हीएलडीएल.

ताक घुसळल्यावर लोणी वर येते, तशी ही गाठोडी घनतेनुसार वेगळी करता येतात. पण त्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट बल निर्माण करणारे यंत्र अनेक तास फिरवावे लागते. हे प्रत्येक रुग्णासाठी करणे अशक्यच. यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांनी १९७२ साली एक तोडगा सुचवला. ४४८ व्यक्तींच्या तपासण्यांवरून त्यांनी असे मांडले, की उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड मुख्यतः व्हीएलडीएलमध्ये असते आणि तेथे ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण साधारण ५ : १ असते. म्हणून :

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

(सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.)

आता दोन काल्पनिक व्यक्ती घेऊ. ‘अ’चे एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. म्हणजे एलडीएल २०० − ४० − ३० = १३०. ‘ब’चे एकूण कोलेस्टेरॉल तेवढेच २००, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३५०. म्हणजे एलडीएल २०० − ३५ − ७० = ९५. आकडा शंभराच्या आत आला, म्हणून ‘ब’ सुटकेचा नि:श्वास टाकेल.

येथेच सावध व्हायला हवे. ५ हा निसर्गनियम नव्हे, ती सरासरी आहे. ट्रायग्लिसराइड वाढले की व्हीएलडीएलची गाठोडी अधिक फुगतात आणि हे प्रमाण ५ च्या पुढे जाते. ‘ब’च्या बाबतीत ते ७ असले, तर वजा करायचे ते ७० नव्हे, ५०, आणि एलडीएल ९५ नव्हे, ११५. म्हणजे आपण जास्त वजा केले, आणि धोका कागदावर कमी झाला, शरीरात नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास हे सूत्र वापरू नये, असे मूळ लेखकांनीही सांगितले होते.

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष डॉ. शशांक जोशी व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यात एलडीएल वाढलेले लोक ११.८ टक्के होते, पण ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. म्हणजे ‘ब’च्या जातीचे कागद आपल्या आसपास बरेच असणार.

सूत्र सुधारण्याचे प्रयत्नही झाले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ साली भारतीयांसाठी वेगळे सूत्र सुचवले. २०१३ साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सेथ मार्टिन व सहकाऱ्यांनी १३ लाखांहून अधिक नमुन्यांवरून १८० चौकटींचे कोष्टक केले. त्यात रुग्णाच्या आकड्यांनुसार ५ ऐवजी योग्य तो भाजक निवडता येतो. रसायनांनी एलडीएल थेट मोजण्याची चाचणीही आहे, पण तिचा खर्च वेगळा पडतो.

बिनखर्चाचा एक उपाय मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. यात ५ चे गृहीतक येत नाही. ‘अ’चे उत्तर १६०, ‘ब’चे १६५. एलडीएलच्या आकड्यावरून ‘ब’ कितीतरी सुरक्षित वाटला होता. या आकड्यावरून तसे मुळीच दिसत नाही. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांनी डॉक्टरांकडे जाताना हा आकडा जरूर काढून न्यावा. औषधाचा निर्णय अर्थात डॉक्टरांचाच.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. ट्रायग्लिसराइड १००, २००, ३०० आणि ४०० घेऊन त्यांना एकदा ५ ने आणि एकदा ७ ने भागायला सांगा, व दोन्ही उत्तरांतील फरक आलेखावर मांडा. फरक ६ पासून २३ पर्यंत वाढत गेलेला दिसेल. छापील आकड्यामागे एखादे गृहीतक दडलेले असू शकते, हे मुलांना यातून आपोआप कळेल.