खानदेशातून थेट किनाऱ्यावर

जळगावहून गोव्याला विमानाने जाता येईल, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता. एप्रिल 2024 मध्ये 'फ्लाय 91' या विमान कंपनीने ही सेवा सुरू केली. एटीआर 72 हे पंख्यांचं छोटं विमान पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे याच तालुक्यातले. दिवस आणि वेळा बदलतात, म्हणून आधी वेळापत्रक पाहा, मगच रिसॉर्ट ठरवा.

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोननंतर मिळते. लवकर पोहोचलात तर सामान काउंटरवर ठेवून जेवून घ्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र जवळ हवंच.

आपल्याकडची मुलं नदीत, विहिरीत पोहायला शिकतात. समुद्राची ओढ वेगळीच असते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही नको. पावसाळ्यात तर समुद्र लांबूनच पाहावा. मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेपासून दूर राहा.

धुळेकरांना सुरतचा डुमस किनारा जवळचा. तिथली वाळू काळी आहे. 724 किलोमीटर वाहून आपली तापी त्याच परिसरात अरबी समुद्राला मिळते. भुसावळच्या पुलावरून पाहिलेलं पाणी तिथे खारट होताना पाहणं मला गोव्याइतकंच मोलाचं वाटतं.