बँकांची खोली: मॉरिशस आणि भूतान

देशात बँका किती, यावरून वित्तव्यवस्थेची खोली कळत नाही. कुटुंबांना आणि धंद्यांना दिलेलं कर्ज, बँकांतल्या ठेवी आणि शेअर बाजाराचं एकूण मूल्य यांची देशाच्या वार्षिक उत्पन्नाशी तुलना करावी लागते. त्या हिशेबात मॉरिशस भूतानच्या बराच पुढे आहे.

याचं मोठं कारण इतिहासात आहे. मॉरिशसमध्ये ऊस होता. लागवड ते साखरेची विक्री, मध्ये कित्येक महिने जात. तेवढा काळ मळेवाल्यांना उधारी लागे. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ सालची आहे आणि आजही चालू आहे. भूतानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कर धान्य, लोणी, कापड अशा वस्तूंतच भरला जाई. तिथे पहिली बँक आली १९६८ मध्ये, स्वतःचं चलन १९७४ मध्ये. ते आजही भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे. शेअर बाजार मॉरिशसमध्ये १९८९ ला, भूतानमध्ये १९९३ ला आला. पण भूतानच्या बाजारात रोजचे व्यवहार फारच तुरळक.

मात्र मॉरिशसचे आकडे जपून वाचावेत. १९८२ च्या भारत-मॉरिशस कर-करारामुळे भारतात येणारी पुष्कळ गुंतवणूक कर वाचवण्यासाठी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमार्गे येत राहिली. २०१६ मध्ये तो करार बदलला. अशी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या ठेवीही तिथल्या बँकांत असतात. त्या स्थानिक दुकानदाराच्या कामाच्या नाहीत. म्हणून तुलना करताना आधी परदेशी ठेवी वजा करा, मगच दोन्ही देश शेजारी मांडा.